गाडीला लॉक आहे! पीएस फाइव्हवर पीएस फोरच्या जुन्या सीडी

टीव्हीखालच्या खणात ३१ सीडी आहेत. खरं तर त्या ब्लू-रे. पण ज्या दुकानांतून त्या आल्या तिथेही सगळे सीडीच म्हणतात, त्यामुळे इथेही सीडीच. २८ पीएस फोरच्या, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन फोर या गेमच्या मशीनच्या, ३ त्याआधीच्या पीएस थ्रीच्या. निम्म्याहून जास्त दादाच्या. पीएस फोर भारतात आला जानेवारी २०१४ मध्ये, ३९,९९० रुपयांना, आणि दादाने पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या जोरावर तो हप्त्यावर उचलला. पुढे तो जर्मनीला गेला, जाताना "सांभाळ गं" एवढंच म्हणाला, आणि मशीन साताऱ्याला माझ्याकडे आलं. दहा वर्षांची धूळ पोटात घेऊन त्याचा पंखा असा घरघरायचा की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "गिरणी सुरू केलीस का?"

पीएस फाइव्ह मी घेतला तो या खणासाठी. नवा गेम पाच हजारांच्या आसपास जातो. लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवणाऱ्या माणसाला महिन्याला एक घेणं परवडत नाही. जुन्या सीडी मात्र हजाराच्या आत मिळतात, आणि अजून निम्म्या माझ्या खेळून व्हायच्या आहेत. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारला होता: जुन्या सीडी यावर कशा चालतात? उत्तर आलं, "सगळं चालतं ताई, एकदम मख्खन." काही महिने रात्रीची जेवणं उरकल्यावर खेळून झाल्यावर सांगते, 'सगळं चालतं' हे जवळजवळ खरं आहे. 'मख्खन' मात्र कधी कधी.

चालण्याचा भाग आधी उरकते. चार हजारांवर पीएस फोर गेमपैकी ९९ टक्क्यांहून जास्त या मशीनवर चालतात असं सोनीने सांगितलंय, आणि माझ्या २८ पैकी २८ चालल्या. यात जादू काही नाही. दोन्ही मशीनचे प्रोसेसर एएमडी कंपनीचे, एकाच घराण्यातले. ग्राफिक्सची ३६ युनिटं पीएस फोर प्रोमध्ये, म्हणजे पीएस फोरच्या जास्त ताकदीच्या भावात होती, पीएस फाइव्हमध्येही ३६ च आहेत. फक्त त्यांचं घड्याळ, म्हणजे कामाचा वेग, ९११ मेगाहर्ट्झवरून २.२३ गिगाहर्ट्झवर गेलंय. जुन्या गेमला वाटतं आपण घरीच आहोत. मुलगी त्याच आळीत दिल्यासारखं: नळ कुठे, किराणा कुठे, काही नव्याने शिकायला नको. पीएस थ्रीचा सेल प्रोसेसर मात्र पार वेगळ्या मुलखातला, म्हणून त्या तीन सीडी हे मशीन ओळखतही नाही. इतर काही देशांत पीएस थ्रीचे गेम इंटरनेटवरून स्ट्रीम करून खेळता येतात. आपल्याकडच्या पीएस प्लस डीलक्स या सोनीच्या वर्गणीत ती सोय नाही. त्या तिघी आता खणातच राहणार.

सामान हलवायला एक संध्याकाळ लागली. जुनं आणि नवं मशीन एकाच वायफायवर ठेवलं की सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याच्या नोंदी, इकडे हलवता येतात. पेनड्राइव्हनेही आणता येतात. पीएस फोरला लावलेली एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क काढून इकडे खोचली आणि तिच्यावरचे गेम तसेच्या तसे दिसायला लागले. फॉरमॅट नाही, काही नाही. या हार्ड डिस्कवरून पीएस फोरचे गेम थेट खेळताही येतात. वेग हवा असेल तर मात्र आतल्या एसएसडीवर, म्हणजे मशीनच्या वेगवान डिस्कवर हलवा, फरक चांगलाच आहे.

आणि गिरणी बंद झाली. आईला पहिले दोन दिवस वाटलं मी खेळणंच सोडलं.

आता खरा मुद्दा. पहिली सीडी लावली 'कंट्रोल'ची. २०१९ चा गेम. साध्या पीएस फोरवर तो किती अडखळायचा हे ज्यांनी खेळलंय त्यांना सांगायला नको. खुर्च्या, कागद, काँक्रीटचे तुकडे हवेत उडाले की चित्र गपकन बसायचं. पॉज काढून परत गेममध्ये आलं की एक-दोन क्षण सगळं थिजायचं. मी तर पॉज करणंच सोडलं होतं, दार वाजलं तरी. पीएस फाइव्हवर तीच सीडी, तोच गेम, आणि एकही गचका नाही. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, सरळ रेषेत. त्या रात्री एकाच खोलीतली सगळी टेबलं मी उगाचच भिरकावली.

पण ३० च. ४० नाही, ६० नाही. मशीनमध्ये ताकद भरपूर शिल्लक असूनही.

पुण्याहून साताऱ्याला एसटीने येणाऱ्यांना हे लगेच कळेल. खंबाटकी चढताना जुनी गाडी रांगते. घाट काढून तिथे सपाट सहापदरी रस्ता दिलात तर ती रांगणार नाही, आपल्या पूर्ण वेगाने जाईल. पण त्या वेगाच्या वर नाही, कारण गाडीला वेगाचा लॉक आहे. रस्ता कितीही चांगला असो, लॉक रस्त्यात नसतो, गाडीत असतो. पीएस फाइव्ह हा रस्ता आहे. ज्या गेमला बनवणाऱ्यांनी ३० फ्रेमचा लॉक लावलाय, तो गेम इथे ३० नेच जाणार. घाट गेला, लॉक राहिला. माझ्या २८ सीडींचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर येऊन थांबतो.

याचं सगळ्यात जिवाला लागणारं उदाहरण 'ब्लडबोर्न'. मार्च २०१५ चा. त्याला पीएस फोर प्रोसाठी काही अपडेट आलं नाही, पीएस फाइव्हसाठीही नाही. १०८० पी, ३० फ्रेम, जसा होता तसा. आणि त्याची मूळ खोड इथेही तशीच: सरासरी ३० भरते, पण फ्रेम सारख्या अंतराने येत नाहीत. पुन्हा एसटीच. दर अर्ध्या तासाला गाडी असं फळ्यावर लिहिलंय, प्रत्यक्षात दोन गाड्या एकामागोमाग येतात आणि मग बराच वेळ कोणी नाही. दिवसाच्या फेऱ्या मोजल्या तर हिशेब बरोबर, पण स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा. कॅमेरा हळू फिरवला की ही हलकी थरथर डोळ्यांना जाणवते. काही लोकांना ती दिसतच नाही म्हणे. ते भाग्यवान. मला एकदा दिसली आणि आता दिसायची थांबत नाही.

तरीही 'ब्लडबोर्न' मी इथेच खेळते, याच मशीनवर, कारण मरण स्वस्त झालंय. या गेममध्ये माणूस सारखा मरतो. पीएस फोरवर मेल्यावर लोडिंगच्या पडद्यावर वस्तूंची माहिती यायची, ती वाचून व्हायची, मग भिंतीकडे बघायचं. आता अर्ध वाक्य वाचतेय तोवर मी परत कंदिलाजवळ उभी, जिथून खेळ पुन्हा सुरू होतो. फादर गॅस्कोइन या तिथल्या खलनायकाकडून मी एका रात्रीत १९ वेळा मार खाल्ला आणि तरी झोपायला वेळेत गेले. चित्र तेच, पण चिडचिड निम्म्यावर. जुन्या गेमच्या बाबतीत लोक फ्रेमचीच चर्चा करतात. माझ्या मते एसएसडीने केलेलं काम त्याहून मोठं आहे, कारण त्याला लॉक अडवत नाही.

काही कंपन्यांनी मात्र स्वतःहून येऊन लॉक काढून दिलाय, आणि तिथे दुकानदाराचं 'मख्खन' शंभर टक्के खरं. 'गॉड ऑफ वॉर' हा २०१८ चा गेम; फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याला फुकट अपडेट आलं आणि आता तो ६० ने चालतो. क्रेटॉसची कुऱ्हाड फेकून परत बोलवताना हातात येण्याचा तो 'थप' आधीही भारी होता, पण आता ती नेमकी कधी येणार ते मनगटाला आधीच कळतं. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'ही ६० ने चालतो. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'ला मे २०२१ मध्ये ६० मिळाले. 'डेज गॉन'मध्ये मोटारसायकल पळवताना आधी चित्र अधूनमधून अडायचं. आता तोही ६० च्या घरात, आणि लाकडाच्या गिरणीतली ती शेकडो झोंब्यांची झुंड अंगावर येते तेव्हा घाम फुटतो तो भीतीने, अडखळण्याने नाही. 'इन्फेमस सेकंड सन' २०१४ चा, म्हणजे पीएस फोरच्या अगदी सुरुवातीचा. त्याच्या सेटिंगमध्ये ३० चा लॉक चालू-बंद करायची सोय आधीपासूनच होती. पीएस फोरवर लॉक काढून फारसा उपयोग नव्हता. इथे काढला की गेम ६० वर जाऊन बसतो. दहा वर्षांपूर्वी ज्याने कुणी ती सोय ठेवली त्याला माझ्यातर्फे चहा.

'विचर थ्री' वेगळ्या वाटेने जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची अख्खी पीएस फाइव्ह आवृत्ती फुकट आली आणि पीएस फोरच्या सीडीवर ती मिळते. पण सीडी लावली की मशीन जुनीच आवृत्ती घेऊन बसू शकतं. गेमच्या पानावर जाऊन पीएस फाइव्हची आवृत्ती उतरवावी लागते, आणि खेळताना सीडी आतच लागते. माझ्या इंटरनेटवर हे डाउनलोड रात्रभर चाललं, मध्ये लाइट गेली ती वेगळीच. हे आधी माहीत नसल्याने मी दोन दिवस जुनीच आवृत्ती खेळून 'काही फरक नाही बुवा' असं दादाला फोनवर सांगत होते. तो हसला नाही, मोठेपणा त्याचा.

आता जे हात आखडून बसलेत ते. 'अनचार्टेड फोर'च्या मूळ सीडीला ३० च. त्याचे ६० हवेत तर जानेवारी २०२२ मध्ये निघालेला वेगळा संच आहे, त्याचे पैसे वेगळे. वर सांगितलेल्या 'कंट्रोल'ची पीएस फाइव्ह आवृत्तीही फक्त अल्टिमेट एडिशनवाल्यांना. ज्यांनी पहिल्या दिवसापासून मूळ गेम घेतला त्यांना ठेंगा. यावर २०२० मध्ये बरीच बोंबाबोंब झाली होती आणि माझ्या मते ती रास्त होती. 'रेड डेड रिडेम्प्शन टू' दोन सीडींचा, एक डेटाची आणि एक खेळायची. डेटाची सीडी लावून निवांत पोळ्या लाटून या, इतका वेळ लागतो. चालतो छान, पडत नाही, पण ३० च, आणि चित्र पीएस फोर प्रोचंच, थोडं मऊ. मी हे लिहितेय तोवर तरी त्याचा लॉक कोणी काढलेला नाही. आर्थर मॉर्गन घोड्यावरून हळूच चालतो तेव्हा ३० खपून जातात, हेही खरं.

एक अनपेक्षित फायदा. दादाचा पीएस फोर साधा होता, प्रो नव्हे. पीएस फाइव्ह मात्र जुन्या गेमपुढे स्वतःला प्रो म्हणून उभं करतो. त्यामुळे आम्ही कधीच न पाहिलेले पर्याय मेनूत उगवले. 'शॅडो ऑफ द कोलोसस'ची २०१८ ची नवी आवृत्ती घ्या. साध्या पीएस फोरवर ती ३० ने चालायची. प्रोवाल्यांना परफॉर्मन्स मोडमध्ये, म्हणजे चित्रापेक्षा वेगाला महत्त्व देणाऱ्या पर्यायात, ६० मिळायचे. तो मोड आता माझ्याकडेही आहे. राक्षसाच्या पाठीवरच्या केसांना लटकून वर चढताना तो अंग झाडतो, तेव्हा आधी नुसतं गरगरायचं. आता कुठे हात घालायचा ते दिसतं. जुनी सीडी लावलीत की आधी तिचा सेटिंगचा मेनू उघडून बघा. कोणी सांगत नाही, गेम तर नाहीच.

क्रिकेटबद्दल दोघा-तिघांनी विचारलं म्हणून: 'क्रिकेट १९' चालतो. लोडिंगला कमी वेळ लागतो. मिडऑफचा फिल्डर पूर्वी जसा चेंडूकडे बघत उभा राहायचा तसाच आताही राहतो. अक्कल प्रोसेसरने येत नाही.

रिमोटचं थोडक्यात. जुना ड्युअलशॉक फोर पीएस फाइव्हवर चालतो, पण फक्त पीएस फोरच्या गेमसाठी. पाहुण्यांच्या पोरांना द्यायला उत्तम. नवा ड्युअलसेन्स हातात जास्त भरतो, पण जुन्या गेममध्ये त्याची ती ट्रिगर घट्ट होण्याची करामत नाही, साधी थरथर मिळते.

घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, नाहीतर सगळं मुसळ केरात. सीडी ड्राइव्ह नसलेला डिजिटल पीएस फाइव्ह दिसायला तसाच असतो आणि स्वस्त असतो. एप्रिल २०२४ मध्ये पीएस फाइव्हची सडपातळ आवृत्ती, स्लिम, भारतात आली तेव्हा ड्राइव्हवाला ५४,९९० आणि बिनड्राइव्हचा ४४,९९०. त्या दहा हजारांच्या मोहात पडलात तर खणातल्या सीडींच्या फक्त थाळ्या होतील. स्लिमला ड्राइव्ह नंतर लावता येतो, पण तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. महागड्या पीएस फाइव्ह प्रोबरोबर तर ड्राइव्ह येतच नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो निघाला तेव्हा आपल्याकडे आलाच नाही, कारण त्याच्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात खुला नव्हता. हे कारण मी दोनदा वाचलं.

शेवटी ठेवलीय ती 'द लास्ट गार्डियन', कारण या एका सीडीसाठी मी सगळं मशीन पुन्हा घेईन. २००९ मध्ये पीएस थ्रीसाठी जाहीर झालेला हा गेम डिसेंबर २०१६ मध्ये पीएस फोरवर आला. एक लहान मुलगा आणि ट्रिको नावाचा पिसांचा प्रचंड प्राणी, थोडा कुत्रा, थोडी मांजर, थोडा पक्षी, आणि पूर्ण हट्टी. पीएस फोरवर हा गेम दमायचा. ट्रिकोची पिसं वाऱ्यावर हलली आणि मागे किल्ल्याचं उघडं आवार आलं की फ्रेम तिशीच्याही खाली. दादाने तो अर्ध्यावर सोडला होता.

गंमत अशी की सीडीवर जी मूळ प्रत आहे, १.००, तिला लॉक नाही. लॉक आला तो नंतरच्या अपडेटमधून. माझा अंदाज, तेव्हाच्या मशीनवर तिशीच्या वर जाऊन टिकणं शक्यच नव्हतं, तर निदान वरखाली तरी नको म्हणून तो लावला असावा. त्या वेळी ते औषधच होतं. आज त्याच औषधाने नव्या मशीनवर गेम आजारी पडतो. अपडेट घेतलं तर पीएस फाइव्हवर ३०. अपडेट न घेता, नुसती सीडी, तर ६०. आणि ऑनलाइन विकत घेतलेल्यांना ही वाट बंद, कारण त्यांना अपडेट झालेलाच गेम मिळतो. दादाच्या डबीतली बोटांचे ठसे असलेली सीडी म्हणूनच या घरातली सगळ्यात किमती.

मी हे पहिल्यांदा चुकवलं. सवयीने सीडी लावली, अपडेट आपसूक उतरलं, गेम ३० ने सुरू. मग गेम पूर्ण काढून टाकला, वायफाय बंद केलं, सेटिंगमधलं आपोआप अपडेट बंद केलं, सीडी परत लावली आणि सुरुवातीपासून खेळायला बसले. ट्रिको उठला, अंग झाडलं, पिसं हलली, आणि मी रिमोट मांडीवर ठेवून नुसतं बघत राहिले. तो मान वळवतो ती वळण्याची प्रत्येक पायरी दिसते. आधी तो गेममधला प्राणी होता, आता शेजारच्या गोठ्यातला वाटतो. बोलावल्यावर मात्र अजूनही येत नाही. ते तसंच आहे, आणि तसंच असावं.

दादाला व्हिडिओ कॉलवर टीव्ही दाखवला. पाचेक मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला, "पुढचं दाखवू नकोस, मी सुट्टीला आल्यावर खेळतो."

तोवर कुणी चुकून अपडेट घेऊ नये म्हणून डबीवर लॅबमधलं पांढरं लेबल चिकटवलंय: 'वायफाय बंद करूनच लावणे. अपडेट देऊ नये.' परवा खण पुसताना आईने ते वाचलं आणि विचारलं, "कुणाचं औषध आहे गं हे?"